अकरा वर्षे उभ्या गाडीचे जाम झालेले ड्रम ब्रेक

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: साठच्या दशकातील, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली सलून गाडी अकरा वर्षे आच्छादनाखाली उभी होती, आता तिची मागची दोन्ही चाके मुळीच फिरत नाहीत, पुढचे डावे चाक दोन्ही हातांनी जोर लावल्यावर जेमतेम सरकते, आणि ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट लागते. दुसऱ्या गाडीला दोरखंड बांधून एक हिसका दिला तर चाके सुटतील का, की ड्रम तापवून ठोकावेत, असे आपण विचारले आहे.

हिसक्याने चाके कदाचित सुटतीलही, तरी तो मार्ग घेऊ नये असे मी सांगेन. गंजाने ड्रमला चिकटलेला ब्रेक शू (ड्रमवर आतून दाबली जाणारी कमान) जोराने ओढला गेला की तो दोन ठिकाणी सुटू शकतो. एक म्हणजे लायनिंग (शूवरचा घर्षणाचा थर) आणि ड्रम यांच्यामधला गंजाचा थर, आणि दुसरे म्हणजे लायनिंग आणि शूचा लोखंडी सांगाडा यांच्यामधला जोड. लायनिंग रिव्हेटांनी बसवलेले असेल तर ते टिकण्याची आशा असते. परंतु ते चिकटद्रव्याने बसवलेले असेल आणि त्या थरात वर्षानुवर्षे ओलावा मुरलेला असेल, तर बहुतेकदा हा दुसराच जोड आधी तुटतो. चाक फिरू लागते, मालक खूश होतो, आणि सुटलेले लायनिंग ड्रमच्या आत मोकळे पडून राहते. उमेदवारीच्या काळात मी अशी एक गाडी ओढून मोकळी केली होती. ती काही किलोमीटर व्यवस्थित चालली आणि मग लायनिंगचा तुकडा शू व ड्रम यांच्यामध्ये पाचरीसारखा बसून मागचे एक चाक चालत्या गाडीत जागच्या जागी थांबले. वेग कमी होता म्हणून निभावले. तेव्हापासून चाक मोकळे झाले की ड्रम उघडण्याची सोय झाली, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

हातोडा उचलण्यापूर्वी, ब्रेक नेमके कशाने धरून ठेवला आहे हे शोधावे. बाहेरून सगळे जाम ब्रेक सारखेच दिसतात, पण आतली कारणे निराळी असतात. हँडब्रेकची तार तिच्या नळीत गंजून अडकलेली असू शकते. व्हील सिलिंडरचा (ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या, चाकाजवळच्या सिलिंडरचा) पिस्टन जागीच धरलेला असू शकतो. ब्रेकची रबरी नळी आतून फुगून ब्रेक ऑइलला परत येऊ देत नसेल. मास्टर सिलिंडरचा (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरचा) पिस्टन पूर्ण मागे येत नसेल. किंवा निव्वळ लायनिंग ड्रमला चिकटले असेल. यांपैकी दोन-तीन कारणे एकाच गाडीत एकत्र सापडणे हे इतक्या वर्षांनंतर अगदी नेहमीचे आहे.

चाचणीचा क्रम असा ठेवावा. मागच्या चाकांसाठी आधी गाडीखालून हँडब्रेकची तार बॅकप्लेटवरच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावरच्या) दांड्यापासून सोडवावी आणि तो दांडा हाताने मागे-पुढे होतो का ते पाहावे. तार सोडवताच चाक सुटले तर दोष तारेचा आहे. सुटले नाही तर त्या चाकाचे ब्लीडिंग निपल (ऑइल व हवा बाहेर सोडण्याचा बारीक स्क्रू) अर्धा फेरा उघडावे. निपलमधून ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सैल झाले, तर आत दाब अडकून राहिला होता असे समजावे. अकरा वर्षे एखादी प्रणाली दाब धरून ठेवणार नाही. पण चाचणी म्हणून आपण दोन-चार वेळा पेडल दाबले असेल तर तो दाब तेव्हाचा असतो. आपल्या पुढच्या डाव्या चाकाबाबत मला हीच शंका आहे. त्याची उकल करण्यासाठी, पेडल हलत असेल तर, ते एकदा दाबून सोडावे, चाक जड झाल्याची खात्री करावी, आणि निपलला हात न लावता मास्टर सिलिंडरजवळचा धातूच्या नळीचा जोड सैल करावा. तेवढ्याने चाक मोकळे झाले तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये आहे. तेथे काही फरक पडला नाही आणि निपल उघडल्यावर मात्र चाक सुटले, तर वाट अडवणारी वस्तू या दोन ठिकाणांच्या मध्ये आहे, आणि ती जवळजवळ नेहमीच रबरी नळी असते. पायाच्या जोराने ऑइल आत ढकलले जाते, पण परतीच्या स्प्रिंगांचा जोर त्या मानाने फार कमी असल्याने ते मागे येऊ शकत नाही. अशी नळी बाहेरून नवी-कोरी दिसू शकते, म्हणून ती पाहून ठरवू नये.

निपल उघडूनही मागचे चाक हलले नाही, तर द्रवदाबाचा प्रश्न नाही. पकड यांत्रिक आहे, म्हणजे चिकटलेले लायनिंग किंवा गंजलेला पिस्टन. पेडल मुळीच खाली जात नाही हे आपले वर्णनही त्याच दिशेने जाते, कारण मास्टर सिलिंडरचा पिस्टन गंजला असला किंवा चारही चाकांचे पिस्टन जागी बसले असले तरी पायाला असाच दगड लागतो. ते पेडल नुसत्या पायाच्या ताकदीने सोडवण्याचा प्रयत्न करू नये. मास्टर सिलिंडर काढून, उघडूनच पाहावा.

प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी सुरक्षिततेच्या दोन गोष्टी सांगतो. मागचे ब्रेक सुटताच गाडीला धरून ठेवणारे काहीही उरत नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. दुसरी गोष्ट धुळीची. त्या काळच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस वापरले जात असे, आणि ड्रममधली काळसर धूळ त्याचीच आहे असे गृहीत धरूनच वागावे. कॉम्प्रेसरच्या हवेने ड्रम फुंकणे, कोरड्या ब्रशने झाडणे किंवा जुने लायनिंग कोरडे घासणे हे तिन्ही प्रकार वर्ज्य आहेत. बारीक कणांसाठी असलेला योग्य दर्जाचा मास्क लावावा, धूळ पाण्याने वा ब्रेक क्लीनरने ओली करावी, चिंधीने पुसून घ्यावी आणि ती चिंधी ओली असतानाच बंद पिशवीत टाकावी.

आता ड्रम. सर्वांत जास्त वेळ येथेच जातो, आणि जाऊ द्यावा. प्रथम अॅडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रम यांच्यामधले अंतर जुळवणारे भाग, पूर्ण सैल करावेत. काही गाड्यांत बॅकप्लेटच्या मागे चौकोनी डोक्याचा अॅडजस्टर असतो, तर काहींत छिद्रातून स्क्रू-ड्रायव्हर घालून दातेरी चाक फिरवावे लागते. चौकोनी डोके साध्या पान्याने एकदा गोल झाले की काम दुपटीने वाढते. त्यासाठी चौकोनी तोंडाचा ब्रेकचा खास पाना मिळतो, तोच वापरावा, आणि आदल्या दोन-तीन दिवसांपासून गंजात झिरपणारे तेल रोज थोडे सोडत राहावे. ड्रम हबला (चाकाच्या मधल्या फिरत्या भागाला) धरून ठेवणारे स्क्रू साध्या स्क्रू-ड्रायव्हरने निघत नाहीत; हातोडीच्या ठोक्यासरशी फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो.

त्यानंतर ड्रम कोणत्या प्रकारे बसवला आहे हे कारखान्याच्या दुरुस्तीपुस्तिकेत पाहून घ्यावे, कारण चुकीच्या समजुतीने ठोकाठोक करून बेअरिंगे खराब केलेली अनेक उदाहरणे मी पाहिली आहेत. बहुतेक गाड्यांत ड्रम हबवर नुसता चढवलेला असतो. परंतु फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या चाकाला ड्रम आणि हब एकच असून तो खाचांच्या शाफ्टवर 36 मिलिमीटरच्या नटने सुमारे 300 न्यूटन-मीटर टॉर्कने आवळलेला असतो; ट्रायम्फ हेराल्डसारख्या गाड्यांत मागचा हब निमुळत्या शाफ्टवर चावीसह बसलेला असतो आणि तो खास पुलरशिवाय (ओढून काढणाऱ्या अवजाराशिवाय) हलत नाही. साठच्या दशकातील क्रायस्लरच्या अनेक गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, हे ठाऊक नसल्याने बोल्ट तोडणारेही भेटतात.

साधा चढवलेला ड्रम असेल तर तो दोन जागी धरलेला असतो: मध्यभागी हबच्या कडेला गंजाने, आणि आत लायनिंगला. मधल्या कडेवर आणि बोल्टांभोवती झिरपणारे तेल सोडावे, पण ते ड्रमच्या आत वाहून लायनिंगवर जाईल इतके नको. मग बोल्टांच्या मधल्या सपाट भागावर तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने, ड्रम फिरत असेल तर फिरवत-फिरवत, मध्यम जोराचे पुष्कळ ठोके द्यावेत. एक मोठा घाव घालण्यापेक्षा शंभर हलके ठोके गंजाचा थर लवकर मोडतात. ड्रमच्या बाहेरच्या ओठावर मात्र घाव घालू नये, कारण ओतीव लोखंड वाकत नाही, तडकते. काही ड्रमांना दोन आटे पाडलेली छिद्रे असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्हीकडे आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळत गेल्यास ड्रम सरळ बाहेर येतो.

तापवण्याबद्दल आपण विचारले आहे. हबभोवतीचा मधला भाग थोडा तापवल्याने गंजाची पकड सुटते हे खरे आहे, आणि मीही कधी-कधी त्याचा आधार घेतो. पण आत रबरी सील आहेत, सिलिंडरमध्ये ऑइल आहे, शेजारी बेअरिंगचे ग्रीस आहे. ज्योत तेथपर्यंत पोहोचली तर वाचवण्याजोगे फारसे उरत नाही. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर फवारल्यावर तर ज्योत जवळसुद्धा आणू नये, कारण त्या द्रवाच्या वाफा तापल्यावर फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो.

इतके करूनही ड्रम अर्धा इंच बाहेर येऊन अडकला, तर आतल्या झिजलेल्या पृष्ठभागाच्या कडेला राहिलेल्या उंचवट्यात शू अडकले आहेत असे समजावे. अॅडजस्टर आणखी सैल होत नसेल तर अखेरचा उपाय म्हणजे बॅकप्लेटच्या मागून शू धरणाऱ्या खिळ्यांची डोकी कापून टाकणे. खिळे आणि स्प्रिंगा स्वस्तात मिळतात. जुन्या गाडीचा ड्रम मिळेलच असे नाही.

ड्रम निघाला की कशालाही हात लावण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि एका वेळी एकाच बाजूचे काम उघडावे, म्हणजे दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते. कोणती स्प्रिंग कोणत्या छिद्रात, शूच्या पुढून की मागून, हे संध्याकाळपर्यंत कोणालाही आठवत नाही. दोन्ही शूंची लायनिंगे सारख्या लांबीची नसतील तर ती चूक नसून रचना असू शकते. ड्युओ-सर्व्हो प्रकारात (ज्यात एक शू दुसऱ्याला ढकलून पकड वाढवतो) आखूड लायनिंगचा शू गाडीच्या पुढच्या बाजूला येतो.

व्हील सिलिंडरच्या टोकाचे धूळरोधक रबर उचलून पाहावे. आत ओघळ दिसला तर सील गेले आहेत. कोरडी पांढरी भुकटी दिसली तर ओतीव लोखंडाच्या सिलिंडरमधला अॅल्युमिनियमचा पिस्टन गंजून धरला आहे. असा पिस्टन काढण्यासाठी कॉम्प्रेसरची हवा वापरण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. मी निपलच्या आट्यांत ग्रीस गनचा जोड बसवतो, ऑइलची वाट बुचाने बंद करतो, आणि ग्रीसच्या दाबाने पिस्टन सावकाश बाहेर ढकलतो. सिलिंडरला दोन पिस्टन असतील तर आधी सुटलेला पिस्टन क्लॅम्पने धरून ठेवावा, म्हणजे दाब दुसऱ्यावर येतो. नंतर ग्रीसचा अंशही न ठेवता सिलिंडर स्पिरिटने धुवावा.

धुतलेल्या सिलिंडरची भिंत उजेडात धरून पाहावी आणि नखाने चाचपावी. नुसता डाग असेल तर बारीक होनने (भिंत घासून गुळगुळीत करणाऱ्या अवजाराने) दोन-चार फेऱ्यांत तो जातो. नख अडकेल असा खड्डा सीलच्या मार्गात असेल तर होन कितीही फिरवला तरी उपयोग नाही, कारण खड्डा जाईपर्यंत व्यास वाढतो आणि नवे सीलही गळू लागते. नवा सिलिंडर मिळत असेल तर तोच घालावा. मिळत नसेल तर जुन्यात स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा स्लीव्ह (आतली नळी) बसवून घेता येतो, आणि माझ्या मते उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा मूळ सिलिंडरपेक्षाही टिकाऊ पर्याय आहे. जोडताना सीलचा ओठ दाबाच्या बाजूला ठेवावा आणि वंगण म्हणून फक्त ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचे लाल ग्रीस वापरावे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधे ग्रीस यांपैकी कशाचाही थेंब रबराला लागला की ते फुगते, आणि महिन्याभरात आपण पुन्हा येथेच येतो. काही ब्रिटिश गाड्यांत मागचा सिलिंडर बॅकप्लेटच्या खाचेत सरकता असतो. ती खाच गंजली तर एकच शू काम करतो आणि हँडब्रेक कधीच नीट लागत नाही. ती घासून, पातळ ग्रीस लावून, सिलिंडर बोटाने सरकतो इतकी मोकळी करावी.

बॅकप्लेटवर शूची कड जेथे टेकते, त्या उंचवट्यांकडे फार थोडे लोक लक्ष देतात. तेथे खाचा पडल्या असतील तर शू त्यांत अडकतो, परत येत नाही, आणि सगळे भाग नवे घालूनही चाक घासतच राहते. खाचा वेल्डिंगने भरून कानशीने सपाट कराव्यात व उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा केवळ पुसटसा थर द्यावा. अॅडजस्टरही पूर्ण उघडून, घासून, तसेच ग्रीस लावून बसवावेत. परतीच्या स्प्रिंगा ताणलेल्या वा गंजलेल्या असतील तर बदलाव्यात.

ऑइल प्यायलेले लायनिंग भाजून किंवा धुऊन पुन्हा कामाचे होत नाही. बदलायचे ते एका अॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलावे, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढेल. ड्रमवरचा वरवरचा गंज पॉलिश पेपरने जातो. खोल चरे असतील तर तो लेथवर कातावा लागतो. अनेक गाड्यांत मूळ व्यासापेक्षा सुमारे 1.5 मिलिमीटरपर्यंत वाढ चालते, पण पुस्तिकेतला किंवा ड्रमवर कोरलेला आकडाच अंतिम मानावा. ओतीव लोखंडाचा ड्रम दोरीला टांगून हलकेच वाजवावा. घंटेसारखा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा शोधावा. अॅल्युमिनियमचे आवरण असलेल्या ड्रमला मात्र ही कसोटी लागू पडत नाही.

इतक्या वर्षांनंतर रबरी नळ्या तपासत बसू नये, सगळ्या बदलाव्यात. हँडब्रेकची तार नळीत खडखडत असेल तर तीही बदलावी. तेल घालून सुटलेली गंजकी तार पुढच्या दमट हवेत पुन्हा धरते. मास्टर सिलिंडर दुरुस्त करून बसवल्यावर पुशरॉड (पेडलचा जोर पोहोचवणारी दांडी) आणि पिस्टन यांच्यात पुस्तिकेत दिलेली फट, सहसा एक-दीड मिलिमीटर, आहे याची खात्री करावी. ही फट नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचे बारीक छिद्र झाकलेले राहते, आणि ब्रेक तापत गेले की ऑइल प्रसरण पावून ते आपोआप लागू लागतात. ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण काढून साहाय्यकाला पेडल हळूच दाबायला सांगावे. ऑइलच्या पृष्ठभागावर बारीक उसळी दिसली तर छिद्र मोकळे आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की ड्रम ब्रेकच्या अनेक प्रणालींत सीलचे ओठ भिंतीला टेकून राहावेत म्हणून थोडासा दाब मुद्दाम राखणारा व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावर निपलमधून आलेला ऑइलचा एखादा मंद थेंब हा दोष नव्हे.

ऑइल कोणते, यावर मतभेद आहेत. डॉट 3 आणि डॉट 4 ही ग्लायकॉलची ऑइले हवेतला ओलावा शोषतात, आणि आपल्या सिलिंडरांत गंज येण्यास त्यांचा हातभार आहे. सिलिकॉनचे डॉट 5 ओलावा शोषत नाही व रंगही खराब करत नाही, पण त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, पेडल किंचित मऊ लागते, आणि आत शिरलेले पाणी न मिसळता सखल जागी साचते. मी डॉट 4 घालतो आणि दर दोन वर्षांनी बदलतो. सिलिकॉन हवेच असेल तर सगळी प्रणाली कोरडी करून, सर्व सील नवे असतानाच घालावे. दोन्हींचे मिश्रण करू नये. जुन्या सित्रोएनच्या हिरव्या खनिज तेलाची गोष्ट संपूर्ण निराळी आहे, ते येथे चालत नाही आणि हे तेथे चालत नाही.

हवा काढण्यापूर्वी शू फिरत्या ड्रमला किंचित घासतील असे जुळवून घ्यावेत, आणि हँडब्रेक सर्वांत शेवटी जुळवावा. आधी हँडब्रेक ताणला तर शू अर्धवट उघडे राहतात आणि पुढची सगळी जुळणी फसवी ठरते. मास्टर सिलिंडर न उघडता वापरायचा असेल, तर हवा काढताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. पेडल तळापर्यंत गेले की सील सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजक्या भागावर घासून फाटते. मी एकदा हा ठोकळा विसरलो होतो. सकाळी गाडी उत्तम थांबत होती आणि दुपारी पेडल पायाखाली बुडत होते.

पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागेत, चालण्याच्या वेगाने घ्यावी. नंतर साधारण 50 किलोमीटर वेगावरून वीस-पंचवीस वेळा हलका ब्रेक लावावा आणि मध्ये ड्रम थंड होऊ द्यावेत, म्हणजे लायनिंग बसते. फेरी संपल्यावर एका अॅक्सलच्या दोन्ही ड्रमांची उष्णता तापमापकाने ताडून पाहावी. एक स्पष्टपणे जास्त तापलेला असेल तर ते चाक अजून धरत आहे आणि गाडी स्टँडवर घेऊन वरच्या चाचण्या पुन्हा कराव्यात. शंभरेक किलोमीटर झाल्यावर ड्रम एकदा काढून व्हील सिलिंडरची धूळरोधक रबरे उचलून बघावीत. ती कोरडी असतील तर गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता ठोकळे लावावेत, महिन्यातून एकदा ती थोडी पुढे-मागे चालवावी, आणि ड्रम पुन्हा वर्षभराने उघडावेत.